हिरवळीतील पांढरा क्लोव्हर : ओळख पटवण्याच्या प्रकल्प नोंदी

१७ मार्च २०२४

डब्लिनच्या दक्षिण उपनगरातील आमच्या वसाहतीच्या मधोमध एक सामाईक हिरवळ आहे. तिचा एक पट्टा या वर्षी मे ते ऑगस्ट कापायचा नाही, असे रहिवासी समितीने ठरवले असून, त्या पट्ट्यात कोणकोणत्या वनस्पती आहेत याची यादी करण्याचे काम आम्हा काही हौशी मंडळींकडे आले आहे. गवते एकाकडे, रुंद पानांच्या वनस्पती दुसऱ्याकडे अशी वाटणी झाली आणि तीन पर्णिकांचे (पर्णिका म्हणजे संयुक्त पानाचा सुटा छोटा भाग) पान असलेल्या सगळ्या वनस्पती माझ्या वाट्याला आल्या. काम लहान दिसते, पण या गटात एकमेकींसारख्या दिसणाऱ्या वनस्पती पुष्कळ आहेत आणि यादीत सर्वाधिक चुका याच रकान्यात होतात. त्यामुळे ‘पांढरा क्लोव्हर’ असे लिहिण्यापूर्वी काय काय पाहिले, याची नोंद मराठीत ठेवत आहे.

आज सेंट पॅट्रिकचा दिवस, म्हणजे आयर्लंडचा राष्ट्रीय सण, असल्याने शहरभर लोकांच्या कोटांवर शॅमरॉकचे, म्हणजे आयर्लंडचे प्रतीक असलेल्या तीन पर्णिकांच्या पानांचे, झुपके खोचलेले दिसतात. शॅमरॉक म्हणजे नेमकी कोणती वनस्पती, हा येथील जुना वाद आहे. नॅथॅनिएल कोलगन या निसर्ग अभ्यासकाने १८९३ मध्ये आयर्लंडच्या निरनिराळ्या भागांतील लोकांकडून, त्यांच्या मते जो खरा शॅमरॉक, तो मुळासकट मागवून घेतला, ती रोपे लावली आणि फुले येईपर्यंत वाट पाहून मगच नावे दिली. पहिला क्रमांक पिवळ्या फुलांच्या लेसर ट्रेफॉइलचा लागला, दुसरा पांढऱ्या क्लोव्हरचा; तांबडा क्लोव्हर आणि ब्लॅक मेडिक बरेच मागे राहिले. चार्ल्स नेल्सन यांनी १९८८ मध्ये हाच प्रयोग पुन्हा केला, तेव्हाही पहिल्या दोन क्रमांकांत बदल झाला नव्हता.

कोलगनची सावधगिरी योग्यच होती. तथापि पांढऱ्या क्लोव्हरसाठी फुलाची वाट पाहणे अपरिहार्य नाही, नीट पाहिल्यास मार्च-एप्रिलमध्येही त्याचे नाव खात्रीने सांगता येते, असे माझे मत आहे. ते या हंगामात तपासून पाहायचे आहे. प्रत्येक झुपक्याशेजारी क्रमांकाची लाकडी खुंटी रोवून, आज दिसणाऱ्या लक्षणांवरून नाव लिहून ठेवायचे आणि फुले आल्यावर ते पडताळायचे, अशी पद्धत ठरवली आहे.

३१ मार्च

आज फक्त पाने पाहिली. पांढऱ्या क्लोव्हरच्या पानात लांब, सरळ उभ्या देठाच्या टोकाला तीन पर्णिका एकाच बिंदूतून फुटलेल्या असतात आणि तिन्हींचे स्वतःचे देठ सारखेच, जवळजवळ नसल्याइतके आखूड असतात. हे लक्षण सर्वांत आधी पाहावे, कारण पिवळ्या फुलांच्या दोन्ही वनस्पती, म्हणजे ब्लॅक मेडिक आणि लेसर ट्रेफॉइल, येथेच वेगळ्या पडतात. त्यांच्या मधल्या पर्णिकेचा देठ बाजूच्या दोघींपेक्षा स्पष्टपणे लांब असल्यामुळे ती थोडी पुढे सरकलेली दिसते. मेथीची जुडी निवडताना किंवा लसूणघासाच्या काडीवर जे पान आपण पाहिलेले असते, त्याची रचना या दुसऱ्या प्रकारची आहे. ब्लॅक मेडिकच्या पर्णिकेच्या टोकाला शिरेचे बारीक, टोचणारे अग्रही असते. ट्रेफॉइलला ते नसते.

भिंगाखाली पांढऱ्या क्लोव्हरची पर्णिका पाहण्यासारखी आहे. आकार व्यस्त अंडाकृती, म्हणजे टोकाकडे रुंद आणि बुडाकडे निमुळता. टोक गोलसर किंवा किंचित खाच पडलेले. मधल्या शिरेपासून निघालेल्या बाजूच्या शिरा एकमेकींना समांतर जात थेट कडेला पोहोचतात आणि जेथे पोहोचतात तेथे कडेवर एक बारीकसा दात असतो. नुसत्या डोळ्यांना कड अखंड वाटते. दहापट भिंग लावले की करवतीसारखी दिसते. वरचा आणि खालचा असे दोन्ही पृष्ठभाग लवरहित असतात. आंबुशीची गोष्ट अगदी निराळी आहे: तिच्या पर्णिका बदामाच्या आकाराच्या, मधोमध दुमडलेल्या, कडेला दात नसलेल्या आणि चवीला आंबट असतात. फरसबंदीच्या भेगांतून ती येथेही उगवते, आणि महाराष्ट्रात कुंड्यांतून तिला उपटत आलेल्या माणसाला ती वेगळी ओळखू येण्यास अडचण पडू नये.

चार पर्णिकांचे पान सापडले, तर ते त्याच वनस्पतीचे अपवादात्मक पान समजावे. मुलांनी ते शोधण्यासाठी पट्ट्यात बसकण मारली की खुंट्या हलतात, एवढीच त्याची प्रकल्पाच्या दृष्टीने दखल.

१४ एप्रिल

बहुतेक लोक पांढरा क्लोव्हर ओळखतात तो पर्णिकेवरील फिकट पट्ट्यावरून. टोकाकडे कोन करून वळलेला हा पांढुरका पट्टा तिन्ही पर्णिकांवर मिळून एक तुटक कडे तयार करतो, आणि दिसायला तो खरोखर ठसठशीत असतो. परंतु जात ठरवण्यासाठी तो फारसा उपयोगी नाही. तांबड्या क्लोव्हरच्या पानावरही असाच पट्टा असतो आणि पांढऱ्या क्लोव्हरच्या पुष्कळ रोपांवर तो मुळीच नसतो. पट्टा आहे म्हणून नाव लिहिले किंवा नाही म्हणून खोडले, तर दोन्ही बाजूंनी फसगत होते.

त्याऐवजी देठ जेथे खोडाला चिकटतो तेथे पाहावे. तेथे उपपर्णे, म्हणजे देठाच्या बुडाशी येणारी पानासारखी छोटी अंगे, असतात. पांढऱ्या क्लोव्हरची उपपर्णे पातळ, पापुद्र्यासारखी, फिकट रंगाची असून एकमेकांना जुळून खोडाभोवती नळीसारखे आवरण करतात. त्यांचे मोकळे टोक एकदम बारीक होत जाते. तांबड्या क्लोव्हरची उपपर्णे रुंद, त्रिकोणी, हिरवट किंवा जांभळट शिरांची असतात आणि त्यांच्या टोकाला ताठ केसासारखे अग्र असते. शिवाय तांबड्या क्लोव्हरच्या पर्णिकांच्या खालच्या बाजूला आणि देठावर लव असते, जी पान उजेडाकडे तिरपे धरल्यावर भिंगाशिवायही दिसते. पट्ट्यात पाण्याच्या नळाजवळ दोन्ही जाती शेजारी-शेजारी वाढत आहेत आणि दोन्हींच्या पानांवर पट्टे आहेत. उपपर्ण पाहिल्याबरोबर मात्र शंका राहत नाही.

५ मे

आजची नोंद खोडाची आहे आणि ती लांब होणार आहे, कारण या वनस्पतीची खरी ओळख येथेच आहे.

गवत बोटांनी बाजूला सारून क्लोव्हरच्या पानाचा देठ खालपर्यंत अनुसरला की तो जमिनीवर आडव्या पसरलेल्या खोडाला जाऊन मिळतो. हे खोड साधारण बॉलपेनच्या रिफिलीइतके जाड, गुळगुळीत, उजेडात असेल तेथे तांबूस आणि मातीत किंवा गवताच्या गुंत्यात असेल तेथे फिकट हिरवे आहे. त्याला हळूच वर उचलायचा प्रयत्न केला, तर ते सहज उचलले जात नाही. प्रत्येक पेराशी अडते, कारण पेराच्या खालच्या अंगाने मुळे फुटून मातीत गेलेली असतात. थोडा ताण दिल्यावर ती एकामागून एक सुटतात आणि मग खोडाची रचना हातात येते: प्रत्येक पेरावर एक पान, पानाच्या बगलेत एक कळी आणि पेराजवळच मुळांचे अंकुर. माती ओलसर असेल तर यांतील जमिनीकडचा अंकुर वाढून आगंतुक मूळ, म्हणजे खोडापासून फुटलेले मूळ, होतो. कोरडी असेल तर तो तसाच एखाद्या पुळीसारखा थांबून राहतो. बगलेतल्या कळीपासून नवी आडवी फांदी निघते किंवा फुलोऱ्याचा दांडा निघतो. खोडाचे वाढते टोक मात्र जमिनीलगतच पुढे सरकत राहते, ते वर उभे होत नाही.

ट्रायफोलियम रेपेन्स हे नाव लिनियसने १७५३ मध्ये दिले आणि त्यातील दुसरा शब्द या सरपटण्यावरूनच आला आहे. बियांपासून आलेल्या रोपाला सुरुवातीला सोटमूळ असते, पण ते एक-दोन वर्षांत मरते. त्यानंतर ही वनस्पती पूर्णपणे पेरांच्या मुळांवर जगते. त्यामुळे जुन्या झुपक्याचे ‘मूळ रोप’ शोधू गेल्यास ते सापडत नाही. मागचा भाग कुजत जातो, पुढचा वाढत जातो, फांद्या सुट्या होतात आणि प्रत्येक फांदी स्वतंत्र रोप म्हणून चालू राहते.

ओळख पटवण्याच्या दृष्टीने याचे महत्त्व असे की आमच्या पट्ट्यातील तीन पर्णिकांच्या इतर वनस्पतींपैकी एकीचीही वाढ अशी नाही, आंबुशी सोडल्यास. तांबडा क्लोव्हर एका गड्ड्यातून निघून उभा वाढतो. ब्लॅक मेडिक आणि ट्रेफॉइल जमिनीवर लोळतात खरे, पण त्यांच्या फांद्या मध्यावरच्या एका मुळाशी बांधलेल्या असतात आणि पेरांना मुळे फुटत नाहीत, म्हणून कोणतीही फांदी टोकाकडून उचलली की मध्यापर्यंत अलगद वर येते. आंबुशी पेरांशी मुळे धरते, परंतु तिचे पान वर सांगितल्याप्रमाणे भिन्न आहे. म्हणून ‘तिन्ही पर्णिकांचे देठ सारखे, पान लवरहित, पेरापेराला मूळ’ एवढे एकत्र दिसले की मी नाव लिहितो आणि पुढे जातो.

एक फांदी मुळांसह काढून पाण्यात धुतली, तेव्हा बारीक मुळांवर गुलाबी गाठी दिसल्या. हवेतील नत्र बांधणाऱ्या रायझोबियम जिवाणूंच्या त्या गाठी असून गुलाबी रंग त्या कार्यरत असल्याचा निदर्शक असतो. हे लक्षण शेंगावर्गातील इतर वनस्पतींतही असल्याने जात ठरवण्यास निरुपयोगी आहे. तरी एकदा पाहून ठेवावे.

१९ मे

पानावरचा पट्टा जात सांगत नाही, पण तो एका वेगळ्या कामाला येतो. त्याचा आकार, जाडी आणि जागा आनुवंशिक असते; काही रोपांत तो अखंड असतो, काहींत मध्ये तुटलेला, काहींत बुडाकडे फिकट डागासारखा, तर काहींत मुळीच नसतो. एका रोपापासून सरपटत पसरलेल्या सर्व फांद्यांवर तो सारखाच राहतो. त्यामुळे लांबून एकजीव वाटणारा मोठा झुपका एकाच रोपाचा आहे की अनेकांचा, याचा अंदाज बांधता येतो. आमच्या पट्ट्याच्या उत्तर टोकाचा गालिचा या दृष्टीने पाहिला असता किमान तीन प्रकारचे पट्टे मिळाले, आणि ते एकमेकांत घुसलेले आहेत. यादीत त्याला एकच ओळ मिळणार असली तरी खुंट्या मात्र वेगवेगळ्या ठेवल्या आहेत.

९ जून

फुलोरे आले. फुलोऱ्याचा दांडा जमिनीवरील खोडाच्या पेरातून थेट उभा निघतो, त्यावर एकही पान नसते आणि तो बहुधा आसपासच्या पानांपेक्षा उंच असतो. त्याच्या टोकाला दीड ते तीन सेंटीमीटर व्यासाचा गोल गेंद. तांबड्या क्लोव्हरचा गेंद पाहिल्यास त्याच्या अगदी बुडाशी पानांची एक जोडी चिकटलेली आढळते. पांढऱ्या क्लोव्हरच्या गेंदाखाली मोकळा दांडा असतो. फुलांच्या रंगापेक्षा हा फरक अधिक भरवशाचा आहे, कारण पांढऱ्या क्लोव्हरची फुले पुष्कळदा गुलाबी छटेची असतात आणि तांबड्याची क्वचित पांढरीही निघतात.

एक गेंद मोडून एकच फूल वेगळे केले. लांबी सुमारे एक सेंटीमीटर. वाटाण्याच्या फुलाचीच ही छोटी आवृत्ती आहे: वर ध्वजाची पाकळी, दोन बाजूंना पंख, आत दोन पाकळ्या जुळून झालेली नौका. निदलपुंज पांढुरका असून त्यावर दहा हिरव्या शिरा मोजता येतात. फुलाला स्वतःचा लहानसा देठ आहे. तांबड्या क्लोव्हरच्या फुलाला असा देठ नसतो, आणि त्याचा परिणाम पुढे दिसणार आहे.

दुपारी ऊन पडल्यावर मधमाश्या आणि बंबलबी यांची वर्दळ सुरू झाली. माशी पंखांवर बसली की तिच्या भाराने नौका खाली जाते, आतील पुंकेसर आणि कुक्षी बाहेर येऊन तिच्या अंगाला लागतात, आणि ती उडाली की सारे पुन्हा आत जाते. स्वतःच्याच परागाने या वनस्पतीत सहसा बी धरत नाही, म्हणून या फेऱ्यांवर पुढचे सगळे अवलंबून आहे.

२३ जून

गेंदाचे रूप आता बदलले आहे. फुले खालच्या बाजूने उमलत वर जातात. परागण झालेले फूल आपल्या लहान देठावर खाली मान टाकते आणि तपकिरी होते. त्यामुळे याच सुमारास पाहिलेल्या गेंदात वर ताजी पांढरी फुले उभी आणि खाली तपकिरी फुलांची झालर लोंबती, असे दोन मजले दिसतात. सुकलेल्या पाकळ्या गळत नाहीत, शेंगेभोवतीच राहतात. तांबड्या क्लोव्हरची फुले देठ नसल्यामुळे सुकल्यावरही जागच्या जागी ताठ राहतात. फुलोरा उतरणीला लागल्यावरही दोन्ही जाती वेगळ्या करता येतात त्या यामुळे.

गटातील एका सदस्याचे वडील अहमदनगर जिल्ह्यातून येथे आले आहेत. त्यांच्या गोठ्यात दुभती जनावरे आहेत. त्यांनी पट्ट्याशी थांबताच ‘हे तर आपलं बरसीम’ असे सांगितले. हा अंदाज टाकाऊ नव्हता: बरसीम म्हणजे ट्रायफोलियम अलेक्झांड्रिनम, याच प्रजातीतील, आणि त्याचे गेंदही पिवळसर पांढरे असतात. ‘काका, एक काडी मुळापासून उचलून बघा,’ असे मी म्हणालो. त्यांनी खोड उचलले, ते पेरापेराशी अडले, तेव्हा मान हलवून म्हणाले, ‘नाही बुवा. बरसीम उभं राहतं, विळ्याला लागतं. हे विळ्याखाली येणारच नाही.’ या वाक्यात दोन्ही वनस्पतींचा फरक पुरेपूर आला आहे. बरसीम एका हंगामाचे, उभ्या खोडाचे, लांबट पर्णिकांचे हिवाळी चाऱ्याचे पीक; पांढरा क्लोव्हर बहुवर्षायू आणि जमिनीला धरून राहणारा. भारतात तो काश्मीर-हिमाचलच्या थंड कुरणांत आणि उटीच्या परिसरात दिसतो, पठारावरच्या उन्हाळ्यात त्याचा निभाव लागत नाही.

७ जुलै

पट्ट्याच्या पूर्वेला, पाइपलाइनसाठी खणून पुन्हा बी पेरलेल्या जागेत, वर पांढरी आणि खाली गुलाबी फुले असलेले गेंद सापडले. प्रथमदर्शनी हा पांढरा क्लोव्हर वाटतो, कारण येथेही फुले मान टाकतात आणि गेंदाखाली पानांची जोडी नसते. परंतु दांडे जमिनीतून न निघता उभ्या, पानांनी भरलेल्या खोडावरच्या पानांच्या बगलांतून निघालेले आहेत, पेरांना मुळे नाहीत आणि एकाही पर्णिकेवर पट्टा नाही. हा आल्साइक क्लोव्हर, ट्रायफोलियम हायब्रिडम. स्वीडनमधील आल्साइक या गावावरून त्याचे नाव पडले आहे. लिनियसला तो पांढऱ्या आणि तांबड्या क्लोव्हरचा संकर वाटला, प्रत्यक्षात तो स्वतंत्र जात आहे. पेरणीच्या मिश्रणातून तो आला असावा. फुलांच्या छायाचित्रांवरून नाव देणारे येथे हमखास अडखळतात, म्हणून दांडा कोठून निघतो हे दाखवणारे चित्र काढून ठेवले आहे.

२१ जुलै

कापलेल्या आणि न कापलेल्या भागांतील पानांची तुलना केली. नियमित कापणीच्या हिरवळीत पर्णिका करंगळीच्या नखाएवढ्या आणि देठ आखूड आहेत. उंच गवतात त्याच जातीचे देठ वीतभर लांब झाले असून पर्णिका दुप्पट मोठ्या आहेत. आकारमान हे लक्षण म्हणून वापरू नये, हे यावरून स्पष्ट व्हावे. चाऱ्यासाठी विकल्या जाणाऱ्या वाणांचे लहान, मध्यम आणि मोठ्या पानांचे असे वर्गच केलेले आहेत, आणि इटलीतून आलेला लॅडिनो हा मोठ्या पानांचा प्रकार या हिरवळीतल्या रोपाशेजारी ठेवला तर दोन्ही एकच जात असल्यावर सहजी विश्वास बसणार नाही.

समितीला कदाचित आवडणार नाही अशी एक नोंदही करणे भाग आहे. न कापलेल्या पट्ट्यात क्लोव्हर विरळ होत चालला आहे. त्याचे वाढते टोक जमिनीलगत असल्याने कापणी यंत्राचे पाते त्याला लागत नाही, उलट कापणीमुळे उजेड मिळतो; गवत उंच वाढू दिले की देठ लांबवण्यापलीकडे त्याला काही करता येत नाही. मधमाश्यांसाठी क्लोव्हर हवा असेल तर कापणी पूर्ण बंद न करता काही आठवड्यांच्या अंतराने करणे अधिक उपयुक्त ठरेल, असे मी अहवालात लिहिणार आहे.

संध्याकाळी उशिरा, प्रकाश मंदावल्यावर, बाजूच्या दोन पर्णिका वरच्या अंगाने एकमेकींना भिडतात आणि मधली त्यांच्यावर छपरासारखी वाकते. या हालचालीचे वर्णन चार्ल्स डार्विनने केलेले आहे. रात्री छायाचित्रे घेणाऱ्यांनी पानाच्या आकारावरून निष्कर्ष काढू नयेत.

११ ऑगस्ट

वेक्सफर्डच्या किनाऱ्यावर गेलो असता मुद्दाम पश्चिमी क्लोव्हर, ट्रायफोलियम ऑक्सिडेंटाले, डोळ्यांपुढे ठेवून शोध घेतला. समुद्रालगतच्या कोरड्या उतारावर सरपटणारा, पेरांना मुळे फुटणारा आणि पांढऱ्या गेंदांचा हा क्लोव्हर वरील सर्व कसोट्यांना उतरतो. १९६१ पर्यंत त्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यताच नव्हती. त्याच्या पर्णिका जवळजवळ गोल, जाडसर, खालून चकचकीत आणि पट्ट्याविना असतात, उपपर्णे गडद लाल, आणि फुलांना वास नसतो. हे साम्य योगायोगाचे नाही. पांढऱ्या क्लोव्हरमध्ये ३२ गुणसूत्रे आहेत आणि ती दोन पूर्वज जातींकडून आलेली आहेत: एक हाच किनाऱ्यावरचा क्लोव्हर आणि दुसरा उंच पर्वतांवरचा ट्रायफोलियम पॅलेसेन्स. आमच्या वसाहतीत तो असण्याचा संभव नाही, पण किनाऱ्यावरच्या याद्या करणाऱ्यांनी पेराच्या मुळावर थांबू नये.

१ सप्टेंबर

खुंट्यांची पडताळणी पूर्ण केली. वसंतात खोड आणि उपपर्ण पाहून ‘पांढरा क्लोव्हर’ लिहिलेल्या ज्या झुपक्यांना फुले आली, ती सर्व पांढऱ्या क्लोव्हरचीच निघाली. काहींना दाट गवताखाली फुलेच आली नाहीत. त्यांची नावे तशीच ठेवून शेजारी ‘फुलाविना’ असा शेरा दिला आहे. सुकलेल्या गेंदांतील तपकिरी पाकळ्या चोळल्यावर आत अरुंद शेंगा मिळाल्या, बहुतेकींत तीन किंवा चार बिया, बिया मिलिमीटरभर, पिवळसर आणि काहीशा हृदयाकृती.

वॉटरफर्ड येथील नॅशनल बायोडायव्हर्सिटी डेटा सेंटरकडे पाठवायच्या नोंदीसोबत प्रत्येक जातीची छायाचित्रे जोडली आहेत. पांढऱ्या क्लोव्हरसाठी गेंदाचे एकच चित्र ठेवले आणि उरलेली पेर, मूळ व उपपर्ण यांची निवडली. पट्ट्याची कापणी पुढील आठवड्यात होईल. कापलेले गवत उचलून न्यावे, तेथेच पडू देऊ नये, असे कंत्राटदाराला लेखी कळवले आहे. उत्तर टोकाच्या काही खुंट्या मुलांनी उपटून यष्ट्या म्हणून वापरल्यामुळे त्या झुपक्यांच्या नोंदी यादीतून वगळल्या आहेत.